हिरड्या आणि रक्तदाब

रक्तदाब मोजावयाचा तो दंडावर आणि हिरड्या तपासावयाच्या त्या तोंडात. या दोहोंचा परस्परांशी संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. वैद्यकशास्त्रानेही ही दोन खाती दीर्घकाळ निरनिराळीच ठेवली होती.

प्रथम राजधानीचे आकडे पाहू. १९९१ ते १९९४ या काळात दिल्ली शहरात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण शेकडा २३ होते. २०१० ते २०१२ मध्ये तशीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा ते शेकडा ४२ वर गेलेले आढळले. शहराचे धकाधकीचे जीवन यास कारण, असे कोणी म्हणेल. परंतु राजधानी क्षेत्रातील खेड्यांतही याच अवधीत ते शेकडा ११ वरून सुमारे २९ वर पोहोचले होते. गावच्या पारावर हुक्का ओढणारा शेतकरीही या व्याधीपासून दूर राहिलेला नाही.

हिरड्यांचा विकार तर याहून जुना. सुश्रुतसंहितेत दंतमूलाच्या रोगांत ‘शीताद’ सांगितला आहे. त्यात हिरड्या मऊ पडून अकस्मात रक्त येते. आपण ज्यास पायरिया म्हणतो तो मूळचा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ पू वाहणे. नाव किळसवाणे खरे, पण अचूक आहे. दातांच्या मुळाशी कीटण साचते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि तेथे जंतूंची वस्ती होते. दुखत नाही, म्हणून मनुष्य वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते. त्यामुळे त्याची फसगत अधिक होते.

२०१९ मध्ये २६ देशांतील ८१ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. मध्यम वा तीव्र हिरडी-विकार असलेल्यांत उच्च रक्तदाबाची शक्यता शेकडा २२ नी, आणि विकार तीव्रच असेल तर शेकडा ४९ नी अधिक असल्याचे त्यात दिसून आले. शास्त्रज्ञांची मीमांसा अशी की, त्या खोबणीतील जंतू व त्यांची विषे रक्तात उतरतात, सर्व शरीरात मंद दाह चालू राहतो, आणि रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर त्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू पुरेसा निर्माण करू शकत नाही. वाहिन्या ताठरल्या की दाब वाढतो.

तथापि येथे उतावीळ होऊ नये. तंबाखू, मधुमेह, वाढते वय ही दोन्ही रोगांची समाईक कारणे आहेत. एकाने दुसरा उद्भवतो, असे यावरून सिद्ध होत नाही. पोलंडमधील क्राको येथे १०१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात हिरड्यांच्या कसून केलेल्या उपचारानंतर दोन महिन्यांत वरचा दाब सरासरी ११ अंकांनी उतरला होता. पण प्रत्येक प्रयोगात असा लाभ दिसलेला नाही. म्हणून दात साफ करून घेतले, आता गोळी नको, असा सोयीचा अर्थ कोणीही काढू नये.

उलट दिशेचाही एक धागा आहे आणि घरोघरी तोच अधिक उपयोगाचा. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या जातीच्या रक्तदाबावरील गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात. देशात अनेक ठिकाणी उपचाराचा आरंभच अ‍ॅम्लोडिपिनने होतो. घरातील आजोबांच्या हिरड्या अशा वाढू लागल्या, तर त्यांनी आपणहून गोळी सोडणे घातक ठरेल. डॉक्टरांना हिरड्या दाखवाव्यात. ते औषध बदलून देऊ शकतात. शिवाय दात स्वच्छ असतील तर ही सूज बहुधा कमी असते.

आणखी एक गंमत. तोंडातील सर्वच जंतू वैरी नव्हेत. पालक, बीट यांतील नायट्रेटचे रूपांतर जिभेवरील काही जंतू करतात, आणि त्यापासून शरीरात तोच उपकारक वायू निर्माण होतो. लंडनमध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर जंतुनाशक औषधाने दिवसातून दोनदा चुळा भरावयास लावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वाढला. ही वाढ थोडी आहे. पण दंतवैद्याने सांगितल्यावाचून अशी औषधे महिनोन्‌महिने वापरणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी.

दिल्लीतील वाचकांना मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे दंतकेंद्र या दोन्ही सरकारी सोयी आहेत. तेथे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती आधी सांगावी, मात्र स्वतःच्या बुद्धीने बंद करू नये. दाब १८० आणि ११० च्या वर असेल, तर तातडीचे नसलेले दात काढणे दंतवैद्य सहसा पुढे ढकलतात. अशा वेळी हेलपाटा फुकट गेला म्हणून रागावू नये. त्याच दिवशी रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे जावे.