सहा कोटी साठ लाख वर्षांच्या भिंती

मालेगाव सोडून धुळ्याकडे आणि तिथून साक्री-नंदुरबारच्या दिशेने निघालं की सपाट माळावर काळ्या, अरुंद टेकड्यांच्या रांगा दिसू लागतात. या रांगा मैलोन्‌मैल जवळजवळ सरळ जातात आणि बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम असतात. कुणीतरी तटबंदी बांधून अर्धवट सोडली असावी, असं वाटतं. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइकची नोंद झाली आहे. त्यांतली सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटरची आहे.

दख्खनचा पठारी प्रदेश लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला, हे आपण शाळेत शिकतो. हा लाव्हा एखाद्या उंच ज्वालामुखीच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी अशा काही भेगांत शिलारस अडकला आणि तिथेच थिजला. प्रत्येक भेगेतून लाव्हा पृष्ठभागावर पोहोचलाच असं नाही; बऱ्याच वाटेतच बुजल्या. पुढे पाण्यावाऱ्याने आजूबाजूचा ठिसूळ खडक झिजत गेला आणि भेगेतला घट्ट खडक उघडा पडून उभा राहिला. म्हणजे या टेकड्या पाहताना आपण लाव्हाच्या वाटा पाहत असतो.

जवळ जाऊन पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. शिलारस भेगेच्या दोन्ही कडांकडून आत थंड होत जातो, त्यामुळे आकसताना पडणारे खांब कडांना काटकोनात येतात. लाव्हाच्या आडव्या थरात हे खांब उभे असतात; उभ्या डाइकमध्ये ते आडवे, रचलेल्या सरपणासारखे दिसतात. खडक कुठून थंड झाला, हे ओळखायला शाळेतल्या मुलालाही दुसरं काही लागत नाही.

शेतकऱ्याला या भिंती वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. डाइक अखंड असेल तर ती जमिनीखालचं पाणी अडवते. फार सांधे पडलेली असेल तर त्यातूनच पाणी वाहतं. म्हणूनच भिंतीच्या एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी असू शकते. गिरणा-मोसम नद्यांच्या या अवर्षणप्रवण मुलखात ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे.

पण सरकारी दप्तरात हा खडक म्हणजे गौण खनिज. सुरुंग, क्रशर, खडी आणि रस्ता, असा त्याचा प्रवास ठरलेला. रस्ते हवेतच, त्याला कुणाची ना नाही. मात्र खडी देणारा बेसॉल्ट नाशिक जिल्ह्यात चहूकडे आहे, आणि नमुनेदार उघडी डाइक एकदा फोडली की परत मिळत नाही. हा फरक परवाना देणाऱ्या कागदावर कुठेच उमटत नाही, याची मला खरी खंत वाटते.

जुलै 2025 मध्ये बागलाणातला साल्हेर किल्ला मराठा लष्करी भूदृश्यांच्या यादीतून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. 1672 च्या लढाईमुळे गाजलेला हा गड 1567 मीटर उंच आहे, तो लाव्हाच्या थरांच्या जोरावर. तट जपायचे आणि त्यांना उचलून धरणारा कातळ विसरायचा, हे पटत नाही. त्याच वर्षी पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खन ट्रॅप भारताच्या तात्पुरत्या यादीत आले. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहाही त्याच वेळी यादीत गेल्या. त्यांतल्या मावम्लुह गुहेतल्या निक्षेपाने पृथ्वीच्या इतिहासातलं शेवटचं, 4200 वर्षांपूर्वी सुरू झालेलं ‘मेघालयन’ युग ठरवलं. गुहा पाहणाऱ्याला आपोआप भुरळ घालते. आपल्या काळ्या भिंतींची गोष्ट मात्र कुणीतरी सांगावी लागते.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. पण कायद्याची वाट न पाहताही बरंच करता येईल. मालेगाव, बागलाण आणि साक्री तालुक्यांतल्या निवडक डाइकचे गट क्रमांक काढून ते खाणपट्ट्यांतून वगळावेत, ग्रामसभेने तसा ठराव करावा. भूगोल शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी त्यांची मोजणी आणि छायाचित्रं करून ठेवावीत. साल्हेर-मांगीतुंगीला येणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला मराठीत फलक लावावेत. पहिला फलक आडव्या खांबांपाशी असावा. तिथे थांबलेल्याला फारसं समजावून सांगावं लागत नाही.