आठवड्याचे बारा तास

बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून मालवणातला माणूस दुपारी आडवा होतो, तेव्हा त्याचं यकृत कामात असतं. माशातल्या प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया निघतो, तो विषारी. यकृत त्याचा युरिया करून रक्तात सोडतं. पुढचं काम मूत्रपिंडांचं. मुठीएवढे हे दोन अवयव, प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. त्यांतून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. लघवीवाटे जातो तो जेमतेम दीड-दोन लिटर, बाकीचं पाणी, साखर, क्षार शरीर परत घेतं.

हे काम थांबलं की रुग्ण डायलिसिसच्या खाटेवर येतो. त्याच्या हाताची धमनी आधीच शस्त्रक्रियेने शिरेला जोडलेली असते. तिथे बोट टेकवलं तर सतत थरथर जाणवते. ती जागा रुग्ण जिवापाड जपतात, त्या हाताने जड उचलत नाहीत, त्यावर रक्तदाब मोजू देत नाहीत. त्याच जागी दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येतं, डायलायझरमधल्या हजारो बारीक नळ्यांतून फिरतं आणि दुसरीतून परत जातं. नळ्यांबाहेर उलट्या दिशेने मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहत असतो. युरिया आणि जादा पोटॅशियम त्यात उतरतात, रक्तपेशी आतच राहतात. चार तासांत असा १२० लिटर द्रव लागतो. म्हणून यंत्राइतकंच महत्त्व शेजारच्या जलशुद्धीकरण संचाला आहे.

विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या सेलोफेन आवरणापासून माणसांच्या उपचारासाठी व्यवहार्य ठरलेलं पहिलं यंत्र उभं केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्ध बाई वाचली.

सिंधुदुर्गात या यंत्राची गाठ लेप्टोशी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाशी पडते. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू लावणीच्या चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. ताप अंगावर काढला तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मात्र वेळेवर उपचार झाले तर ही मूत्रपिंडं बहुतेकदा सावरतात, मोजक्या डायलिसिसनंतर माणूस पुन्हा शेतात उतरू शकतो. मधुमेहाने आणि रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजलेल्या मूत्रपिंडांना ती सवड मिळत नाही.

अशा रुग्णाला यंत्र आठवड्यातून तीनदा, म्हणजे १६८ पैकी फक्त बारा तास मिळतं. उरलेला भार ताटावर येतो, आणि या किनाऱ्यावर तो फार जड आहे. शहाळं म्हणजे पोटॅशियमचा साठा. रक्तात ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. आजाऱ्याला शहाळं नेणाऱ्या पाहुण्याला हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. खारवलेल्या बांगड्यातलं मीठ तहान वाढवतं. सकाळची उकड्या तांदळाची पेजसुद्धा पाण्याच्या हिशेबात धरावी लागते.

त्यात प्रवास. मालवणहून कसालमार्गे ओरोसचं जिल्हा रुग्णालय तीसेक किलोमीटर. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं मोठ्या आजारासाठी बांबोळीला गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. आठवड्यातून तीनदा एवढं अंतर कापायचं तर रुग्णाची मजुरी बुडते आणि सोबत्याचीही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरीब रुग्णाचा उपचाराचा खर्च वाचला, पण एसटीची वाट पाहणं कुणाला चुकलं नाही.

दुसरी वाट पोटातून जाते. पोटात कायमची नळी बसवून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढून नवा भरायचा, दिवसातून चारेक वेळा. इथे पोटाचं अस्तरच गाळणी होतं आणि हे सगळं घरी करता येतं. जंतुसंसर्गाचा धोका मोठा असल्याने हात धुण्यापासून पिशवी जोडण्यापर्यंत घरच्यांना नीट शिकवावं लागतं. २०१९ मध्ये या पद्धतीसाठीही केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. विखुरलेल्या वाड्यांच्या या जिल्ह्याला तिची गरज शहरांपेक्षा जास्त आहे.