पुनर्वसन: विमानतळाच्या पुढे

१९९० च्या दशकात भूतानमधून परागंदा झालेले नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत अडकून पडले. भूतान परत घेईना, नेपाळ नागरिकत्व देईना. अखेर २००७ च्या सुमारास आठ देशांनी त्यांना वसवण्याची तयारी दाखवली. एक लाखाहून अधिक लोक गेले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेला.

तिथे उतरल्यावर एखादी संस्था भाड्याचे घर, आरोग्य तपासणी, मुलांची शाळा यांची सोय लावून देई. मात्र या सुरुवातीच्या मदतीची मुदत जेमतेम ९० दिवस असे. तेवढ्यात पोटापाण्याचे बघायचे. पुढे विमानभाड्यासाठी मिळालेले बिनव्याजी कर्जही हप्त्यांनी फेडायचे.

तरुण मंडळी गोदामात, कारखान्यात कामाला लागतात. खरी कोंडी होते वडीलधाऱ्यांची. छावणीत झोपडीला झोपडी लागून असे, हाक मारली की माणूस येई. इथे बसचा फलकही वाचता येत नाही. डॉक्टरकडे नातवाला दुभाषा म्हणून न्यायचे, तर मनातले दुखणे त्याच्यासमोर सांगायचे कसे?

हा प्रश्न किरकोळ नाही. २००९ ते २०१२ या काळात या समाजातील आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकी सरासरीच्या जवळपास दुप्पट असल्याचे तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला आढळले. भाषेची अडचण, बेकारी आणि कुटुंबाची ताटातूट हे ताण त्यात ठळक होते. म्हणूनच प्रशिक्षित दुभाषे, इंग्रजीचे वर्ग आणि मानसिक आधार या सोयी ९० दिवसांनंतरही चालू राहायला हव्यात.