हाताला मुंग्या, मानेला कळ : आधी गाडीचे हँडल तपासा

सकाळी सातला आपल्या वस्तीच्या तोंडाशी बघावे, तर मोटारसायकलींची रांग लागलेली असते. कुणी डिलिव्हरीला निघतो, कुणी वायरमनच्या कामाला, कुणी कुरिअरची पाकिटे वाटायला. आठ-आठ, दहा-दहा तास गाडीवर जातात. रात्री घरी आल्यावर आई किंवा बायको खांद्याला बाम चोळते. "करंगळी बधिर होते", "मनगट धरते", "मान वळत नाही" या तक्रारी आम्ही घरोघरी ऐकतो. बहुतेक जण मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात आणि पुन्हा गाडीला किक मारतात. दुखणे कुठून येते हे कुणी बघत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने हप्त्यावर जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने शोभेसाठी मूळ हँडल काढून खाली झुकलेले, सपाट हँडल बसवले होते. मुलगाही खूश होता. तीन महिन्यांत त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर व्हायला लागली. रात्री हात झटकत उठायचा. एक दिवस चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा घरचे घाबरले. डॉक्टरांनी हात तपासला आणि विचारले, "गाडी किती तास चालवतोस? हँडल कसे आहे?" रात्री मनगटाला लावायचा पट्टा दिला आणि हँडल बदलायला सांगितले. मेकॅनिककडून मूळ पद्धतीचे उंच हँडल बसवले. काही आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या. उशीर झाला असता तर हाताची ताकद गेली असती, आणि हातावर पोट असणाऱ्याचा हातच गेला तर घर कसे चालणार?

नस दबते म्हणजे काय?

मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून बोगद्यासारखी अरुंद वाट आहे. बोटांकडे जाणारी एक मोठी नस तिच्यातून जाते. मनगट तासन्‌तास मागे वाकलेले राहिले, त्यावर शरीराचा भार पडला आणि इंजिनाचा थरथराट बसत राहिला, की या वाटेत दाब वाढतो. मग अंगठा, पहिले बोट आणि मधले बोट यांना मुंग्या येतात. दुसरी नस कोपराच्या आतल्या बाजूने येऊन तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते. ती दबली तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. कोणती बोटे बधिर होतात हे लक्षात ठेवा. डॉक्टरांना त्यावरूनच बरेच कळते.

हँडल फार खाली किंवा फार पुढे असेल, तर धडाचा भार तळहातांवर येतो आणि रस्ता बघण्यासाठी मान मागे मोडावी लागते. फार उंच असेल, तर हात वर धरून खांदे दुखतात आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ माकडहाडातून पाठीत जातो. फार रुंद असेल, तर खांदे ताणले जातात. म्हणून शेजाऱ्याला सोसणारे हँडल आपल्याला सोसेलच असे नाही. उंची, हाताची लांबी, पोट, सगळे वेगळे असते.

घरीच करायची तपासणी

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. रोज बसता तसे बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

१. डोळे मिटून हात सहज पुढे करा. हात मुठींच्या जवळ आले पाहिजेत. फार पुढे सरकावे लागत असेल, तर हँडल लांब आहे.

२. मूठ धरल्यावर कोपर थोडे वाकलेले आणि खांदे खाली सैल हवेत.

३. दोन्ही हात हळूच सोडा. शरीर पुढे पडत असेल, तर भार हातांवर आहे.

४. क्लच आणि ब्रेकवर बोटे ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत हवा. मनगट वर मोडत असेल, तर लिव्हर चुकीच्या कोनात आहेत.

आधी फुकटचे उपाय

लगेच नवे हँडल घेऊ नका. मेकॅनिककडून हँडलचे बोल्ट सैल करून ते थोडेसे मागे फिरवून बघा. लिव्हरचा कोन जुळवून घ्या. पुष्कळांचे दुखणे एवढ्यानेच कमी होते. डाव्या हाताचेच मनगट दुखत असेल, तर बहुधा क्लच जड झालेला असतो. वायरीला तेल द्या, झिजली असेल तर बदला. मुठींचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर हात उगाच आवळून धरावा लागतो. नवे रबर टाका. हँडलच्या टोकाची लोखंडी वजने कुणी काढली असतील, तर परत लावा. ती थरथराट कमी करण्यासाठीच असतात. आणि पिशवी हँडलला लटकवू नका.

हँडल बदलायचेच असेल तर

शक्यतो आपल्याच कंपनीचे, आपल्या गाडीला बसणारे हँडल घ्या. जुना पाईप सोबत न्या आणि जाडी जुळवा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मुठीजवळ ती २२ मिलिमीटर असते. अपघातात वाकलेले हँडल ठोकून सरळ करू नका, तुटलेले वेल्डिंग करून वापरू नका. ते चालत्या गाडीत मोडले तर जिवावर बेतेल. स्पोर्ट गाड्यांत दोन वेगळे तुकडे थेट पुढच्या शॉकअपच्या पाईपला बसवलेले असतात. तिथे उंच हँडल टाकणे खर्चाचे काम आहे. अशी गाडी धंद्यासाठी घेण्याआधीच विचार करा.

उंच हँडलला जुन्या वायरी आणि ब्रेकचा पाईप अपुरे पडू शकतात. म्हणून काम झाल्यावर मेकॅनिकसमोरच ही चाचणी घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर अ‍ॅक्सिलेटरची वायर ताणली जाते आहे. ती गाडी रस्त्यावर काढू नका. हँडल किंवा बोटे टाकीला लागता कामा नयेत. पुढचा ब्रेक दाबून बघा, इंडिकेटर आणि हॉर्नही तपासा. दोन-तीन दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेल्या माहितीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शोभेचे, अवाढव्य हँडल टाकले तर दंडाचा आणि विम्याच्या वादाचा धोका आहे. कंपनीच्या मापाचे हँडल यासाठीही बरे.

हँडल एकटे पुरत नाही

तासाभराने पाच मिनिटे खाली उतरा. मुठी उघड-मीट करा, खांदे गोल फिरवा. डिलिव्हरीची जड बॅग खांद्याला टांगण्यापेक्षा तिचा भार मागच्या सीटवर टेकवा. दुखण्याची गोळी रोज, तीही उपाशीपोटी घेतली, तर पोटात व्रण होतात आणि किडनीला इजा होऊ शकते. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून एकदा रक्तातील साखर तपासून घ्या.

गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, रात्री हात दुखून जाग येत असेल, वस्तू हातातून पडत असतील किंवा अंगठ्याखालचे मांस कमी झालेले दिसत असेल, तर थांबू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आणि छातीत दाब, घाम व डाव्या हातात कळ असेल, तर हँडलला दोष देत बसू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते. गाडी तिथेच सोडा आणि १०८ ला फोन करा.

रविवारी विहारात जमतो तेव्हा बाहेर सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतातच. दहा मिनिटे काढून एकमेकांची बसण्याची पद्धत बाजूने बघा. घरातल्या बायाबापड्यांनीही बघावे, कारण चालवणाऱ्याला स्वतःची मोडलेली मान दिसत नाही. त्याला पैसा लागत नाही.