लोकटाकची फुमदी आणि इथाईचे दरवाजे

मणिपूरच्या लोकटाक सरोवरात फुमदी तरंगते. फुमदीचा काप घेतला तर वर हिरवं गवत आणि बोरू दिसतो, त्याखाली मुळांचं दाट जाळं आणि तळाशी काळा, अर्धवट कुजलेला भर. जाडीचा सुमारे चार पंचमांश भाग पाण्याखालीच असतो. हिवाळ्यात पाणी ओसरलं की हा थर तळाला टेकायचा, मुळं गाळात शिरून पोसली जायची आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा वर यायचं. दरवर्षीचं हे खालीवर होणं हाच फुमदीचा प्राण. १९८३ साली मणिपूर नदीवर इथाई बंधारा झाला आणि १०५ मेगावॅटच्या वीजप्रकल्पासाठी पातळी वर्षभर चढी राहू लागली. थर तळाला टेकेनासा झाला, उपाशी राहून पातळ होऊ लागला. दक्षिण टोकाच्या केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातली संगाई हरणं याच थरावर चालतात. तो पुरेसा जाड नसेल तर त्यांचे खूर आरपार जातात.

संगाईंची संख्या तर वाढली, मग बिघडलं काय, असं कोणी विचारेल. १९७५च्या हवाई पाहणीत जेमतेम १४ हरणं दिसली होती, २०१६च्या गणतीत २६० भरली. हे यश शिकार रोखण्याचं आणि राखणीचं आहे, ते मोठंच आहे. पण त्याने पायाखालचा थर जाड होत नाही. दुसरा आक्षेप असा की सरोवराच्या मोकळ्या भागात फुमदी उलट माजली आहे, यंत्रं लावून ती उपसावी लागते. खरं आहे, पण मूळ दुखणं बरंचसं तेच. पूर्वी पावसाळी प्रवाहाबरोबर फुमदीचे तुकडे नदीवाटे वाहून जात. बंधाऱ्याने ती वाट अडवली. त्यात नंबुल नदी इंफाळचं सांडपाणी आणून ओतते, म्हणजे वनस्पतींना आयतं खत. निव्वळ उपसा करणं म्हणूनच न संपणारं काम आहे. चिंदविन नदीकडून वर येणाऱ्या पेंगबा माशाची वाटही याच बंधाऱ्याने तोडली.

सगळ्यात वजनदार आक्षेप विजेचा. कोरड्या महिन्यांतच साठवलेलं पाणी मोलाचं असतं आणि फुमदी टेकावी म्हणून नेमकं तेव्हाच ते सोडणं मणिपूरसारख्या राज्याला सोपं नाही. म्हणून बंधारा पाडा, असं माझं म्हणणं नाही. पण वीज दुसरीकडूनही आणता येते, तरंगतं राष्ट्रीय उद्यान आणता येत नाही. हिवाळ्यातले काही आठवडे पातळी फुमदी टेकेल इतकी उतरवावी, पावसाळ्यात दरवाजे तुकडे वाहून जातील इतके उघडावेत, वीजनिर्मितीत येणारी तूट केंद्राने भरून द्यावी आणि नंबुलचं पाणी शुद्ध करूनच सरोवरात सोडावं. लोकटाक १९९० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे आणि १९९३ पासून धोक्यातल्या पाणथळींच्या मॉन्त्रो नोंदीतही आहे. या धोक्याच्या नोंदीतून त्याचं नाव काढायचं असेल तर पातळीचं वेळापत्रक विजेच्या मागणीसोबत फुमदीची गरज पाहूनही ठरायला हवं.