अंगावरील संदेश, मनातील संवाद : कपड्यांवरचे शब्द मानसिक आरोग्याविषयीचा संकोच दूर करू शकतात का?

नवी दिल्ली, ९ ऑक्टोबर : ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॅन ॲलन आणि एड रॉस या दोन सुतारांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडमट’ या नावाने कामगारांसाठी शर्ट बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. बांधकामाच्या जागी घालावयाच्या या शर्टांचे रंग आणि नक्षी मुद्दाम इतकी भडक ठेवण्यात आली होती, की शेजारी काम करणाऱ्याला त्याविषयी काहीतरी बोलल्यावाचून राहवू नये. ‘हा कसला शर्ट घातलास?’ असा प्रश्न यावा आणि त्या प्रश्नाचा धागा धरून मनाच्या प्रकृतीविषयी बोलणे सुरू व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. ॲलन यांच्या जवळच्या मित्राने आत्महत्या केली होती. त्याच्या मनात काय चालले आहे याची सोबतच्यांना कल्पनाच आली नव्हती. या अनुभवातून हा व्यवसाय उभा राहिला.

जागतिक मानसिक आरोग्य दिन दरवर्षी १० ऑक्टोबर रोजी पाळला जातो. या निमित्ताने महाविद्यालये, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांकडून संदेश छापलेले टी-शर्ट वाटले जातात, पदयात्रा निघतात, छायाचित्रे काढली जातात. कपड्यावरील एका ओळीने खरोखर काही साधते का, साधत असेल तर ते कसे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार त्यामुळे आवश्यक ठरतो.

बोलणे अडते कुठे?

बंगळुरू येथील ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्क्यांदरम्यान आढळले. डॉक्टरांची कमतरता, अंतर आणि खर्च ही त्याची कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला लोकलज्जाही आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे ‘वेडा’ ठरणे, हा समज अद्याप पुरता गेलेला नाही. मुलीचे लग्न जमणार नाही, नोकरीत बढती मिळणार नाही, शेजारी नावे ठेवतील, अशा भीतीपोटी कुटुंबेच आजार झाकून ठेवतात.

मराठी घरांत मनाचे दुखणे पुष्कळदा वेगळ्या शब्दांत व्यक्त होते. ‘मन लागत नाही’, ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोके जड झाले आहे’ असे सांगितले जाते आणि ऐकणारा त्यावर चहा, विश्रांती किंवा हवापालट सुचवतो. ‘कसे काय चालले आहे?’ या प्रश्नाचे ‘बरे चालले आहे’ हे उत्तर तर विचार करण्यापूर्वीच तोंडातून निघून जाते. दोघांनाही या उत्तरापलीकडे काही आहे हे जाणवत असले, तरी पहिले पाऊल कोणी टाकायचे, असा पेच असतो.

पहिल्या वाक्याचे ओझे

संदेश असलेल्या कपड्याचा उपयोग येथे होतो. दुःखात असलेल्या माणसाला पहिले वाक्य उच्चारणे सर्वांत कठीण वाटते. समोरची व्यक्ती हसेल, घाबरेल की उपदेश करील, याचा अंदाज त्याला नसतो. सहकाऱ्याच्या अंगावर या विषयाला वाहिलेला शर्ट दिसला, तर निदान हा माणूस विषय टाळणार नाही, एवढी खूण पटते. दुसऱ्या बाजूला, विचारणाऱ्यालाही आडोसा मिळतो. थेट ‘तुला नैराश्य आले आहे का?’ असे विचारण्याऐवजी तो शर्टापासून सुरुवात करू शकतो. बोलणे पुढे न्यावे की तेथेच थांबवावे, हे दोघांच्याही हाती राहते.

आपल्याकडे वेषातून सांगण्याची परंपरा जुनी आहे. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ त्याच्या निष्ठेची ओळख देते. स्वातंत्र्यलढ्यात गांधी टोपी आणि खादी यांनी एक शब्दही न उच्चारता पक्ष जाहीर केला. २०११ मधील भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात ‘मैं अन्ना हूँ’ असे लिहिलेल्या टोप्या देशभर दिसल्या. गणेशोत्सवात मंडळाचे नाव छापलेला टी-शर्ट पाहून कोणाकडे मदत मागायची, हे गर्दीतील अनोळखी माणसालाही कळते. मानसिक आरोग्याविषयीचा संदेश याच ओळखीच्या वाटेने जातो.

दक्षिण आफ्रिकेचा धडा

कलंकित मानलेल्या आजाराविरुद्ध कपड्याचा सर्वांत परिणामकारक वापर दक्षिण आफ्रिकेत झाला. डिसेंबर १९९८ मध्ये गुगु डलामिनी या तरुणीने आपण एचआयव्हीबाधित असल्याचे जाहीर केल्यानंतर डर्बनजवळच्या वस्तीत तिची मारहाण करून हत्या करण्यात आली. त्यानंतर ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेने छातीवर मोठ्या अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले टी-शर्ट आणले. ते बाधितांनी घातले, तसेच बाधा नसलेल्यांनीही घातले. परिणामी शर्टावरून कोण आजारी आणि कोण निरोगी, हे ओळखता येईना. बोट दाखवायला एकटा माणूसच उरला नाही. २००२ मध्ये नेल्सन मंडेला यांनी खायलित्शा येथील भेटीत हा शर्ट अंगावर चढविला. २००५ मध्ये त्यांचे पुत्र मकगाथो यांचे निधन झाले, तेव्हा मृत्यूचे कारण एड्स असल्याचे मंडेलांनी स्वतः जगाला सांगितले.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संदेशाचा कपडा रुग्णाने एकट्याने घालावयाचा नसतो. ज्यांना गमावण्याची भीती कमी आहे, अशा शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी, मुकादमांनी आणि लोकप्रिय व्यक्तींनी तो आधी घातला पाहिजे. दुसरे म्हणजे, त्या शर्टांमागे औषधे सर्वांना मिळावीत यासाठीची संघटित लढाई उभी होती. शब्दांना कृतीचा आधार होता.

संशोधन काय सांगते?

मानसिक आजाराविषयीचा कलंक कशाने कमी होतो, यावर पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. प्रौढांच्या बाबतीत केवळ माहिती देण्यापेक्षा, आजाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीशी प्रत्यक्ष भेट आणि संवाद अधिक परिणामकारक ठरतो, असे त्यात दिसून आले. किशोरवयीनांमध्ये मात्र माहिती व शिक्षण यांचा परिणाम अधिक आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेही २०२२ मध्ये सामाजिक संपर्कालाच सर्वाधिक महत्त्व दिले.

याचा अर्थ, वाचून पुढे गेलेली ओळ फारसे काही बदलत नाही. त्या ओळीमुळे दोन माणसे थांबून बोलली, तर बदलाची शक्यता निर्माण होते. कपडा हे संवादाचे निमित्त आहे आणि त्याचे यश त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांवर अवलंबून आहे.

संदेश उलटतो तेव्हा

सप्टेंबर २०१९ मध्ये मिलान येथे ‘गुची’ या फॅशन कंपनीच्या सादरीकरणात मनोरुग्णांना जखडण्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या अंगरख्यांसारखे कपडे मंचावर आले. त्या वेळी आयेशा टॅन जोन्स या मॉडेलने ‘मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे’ अशा अर्थाचे शब्द तळहातांवर लिहून मंचावरच निषेध नोंदविला. हे कपडे विक्रीसाठी नसल्याचा खुलासा कंपनीने केला, तरी ज्यांनी ती वेदना भोगली त्यांच्या दृष्टीने ते दृश्य दुखावणारेच होते.

बाजारात ‘वेडा’, ‘सायको’ असे शब्द मिरविणारे टी-शर्टही सर्रास मिळतात. विनोद म्हणून घेतलेला असा शर्ट औषधे घेणाऱ्या मित्राला गप्प बसवू शकतो. ‘नेहमी आनंदी राहा’, ‘सकारात्मक विचार करा’ यांसारखी वाक्येही निरुपद्रवी नाहीत. आजाराने ग्रासलेल्या माणसाला त्यातून आपणच कमी पडतो आहोत, असे वाटू लागते. संदेश निवडताना तो उपदेश करतो की ऐकण्याची तयारी दाखवतो, हे पाहावे. ‘बोल, मी ऐकतो आहे’ ही साधी ओळ अनेक घोषणांपेक्षा उपयुक्त ठरेल. भाषाही महत्त्वाची आहे. इंग्रजी घोषवाक्य महानगरातील कार्यालयात चालेल. बांधकामावर, बाजार समितीत किंवा एसटीच्या आगारात मात्र लोकांच्या बोलीतील शब्दच पोहोचतील.

हा मुद्दा आपल्या देशात विशेष गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत २६ टक्क्यांहून अधिक जण रोजंदारीवर काम करणारे होते. जनजागृतीचे टी-शर्ट मात्र बहुधा वातानुकूलित सभागृहांत वाटले जातात. ब्रिस्बेनच्या सुतारांनी सुरुवात बांधकामाच्या जागेवरून केली, हे म्हणूनच लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी २०२० मध्ये कामगार, ट्रकचालक आणि शेतकऱ्यांसाठी विनामूल्य समुपदेशन सेवाही सुरू केली. ‘हे संभाषणाची सुरुवात करते’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘टियाक्स’ असे ठेवण्यात आले. शर्ट पाहून बोलू लागलेल्या माणसाला पुढे कोणाकडे पाठवायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले.

बोलणे सुरू झाल्यावर

ऑस्ट्रेलियातच गॅव्हिन लार्किन यांनी २००९ मध्ये ‘आर यू ओके?’ ही मोहीम सुरू केली. त्यांच्या वडिलांनी १९९५ मध्ये आत्महत्या केली होती. ‘तू बरा आहेस ना?’ हा प्रश्न विचारण्याची सवय समाजाला लागावी, हा मोहिमेचा हेतू. विचारा, ऐका, मदत घेण्यास प्रोत्साहन द्या आणि पुन्हा चौकशी करा, अशा चार पायऱ्या ही मोहीम सांगते.

शर्ट घालणाऱ्याने या चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. समोरचा बोलू लागला की मध्येच स्वतःचे अनुभव सांगू नयेत, ‘एवढ्याशा गोष्टीचे काय’ असे म्हणू नये, लगेच उपायही सुचवू नयेत. आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, हा समज चुकीचा आहे. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाने अनेकांना मोकळे वाटते. धोका निकट वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. जे कानी पडले, ते चारचौघांत सांगू नये. मात्र जिवाला धोका असेल, तर मदतीसाठी योग्य व्यक्तीला सांगणे हा विश्वासघात ठरत नाही.

आपल्या हक्कांची माहितीही उपयोगी पडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रत्येकाला शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा आणि आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांसाठीही आरोग्य विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती २४ तास उपलब्ध आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते.

उद्या संदेशाचे टी-शर्ट वाटणाऱ्या संस्थांनी पाठीवर प्रायोजकाच्या बोधचिन्हाऐवजी हा क्रमांक छापला, तर त्या कापडाचा उपयोग कार्यक्रम संपल्यानंतरही होत राहील. आणि ज्याने तो शर्ट घातला आहे, त्याला कोणी ‘बरे चालले आहे’ असे उत्तर दिले, तर त्याने क्षणभर थांबून तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारावा.