काटकुळ्या कोकणाचं पोट

गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी दारात उभा राहिला की रत्नागिरीकडची जुनी माणसं कौतुकाने म्हणत, "तब्येत सुधारली हो!" म्हणजे पोट सुटलं. गावात राहणाऱ्याचं सुटायला वाव नव्हता. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, पावसाळ्यात सुकं. पाणी पाखाडी उतरून विहिरीवरून आणायचं, लाकूडफाटा डोक्यावरून, आणि आषाढात दिवसभर लावणीला वाकायचं.

१९८२च्या गिरणी संपाने मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी आटल्या, १९९८मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. पण शरीरावर खरा परिणाम त्याहून बारीकसारीक गोष्टींनी केला: वाडीपर्यंत डांबरी रस्ता, परड्यात नळ, अंगणात मोटरसायकल. मळे पड राहिले. आंब्याच्या बागेत राखणीला, काढणीला नेपाळी गडी आले. मेहनत गेली, ताटातला भाताचा डोंगर मात्र तेवढाच राहिला. वर दुकानात टांगलेल्या पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या माळा. खादाडपणाला दोष देणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ला देशातल्या १२.६ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या. २०१९-२१ला २४ टक्के. मात्र ही मोजणी उंचीच्या मानाने वजन किती, म्हणजे बीएमआय, यावर चालते आणि कोकणी माणूस तिथेच निसटतो. हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढे. काट्यावर सगळं ठीक.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं मूळ गर्भापर्यंत नेलं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून केलेल्या अभ्यासात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. पुढे २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने म्हणूनच लठ्ठांऐवजी किशोरवयीन मुलींपासून, म्हणजे उद्याच्या आयांपासून, अभ्यासाला सुरुवात केली. कारण त्यातल्या अनेक मुली अजून हडकुळ्याच आहेत, आणि ज्या घरात मुलीला रक्त कमी म्हणून गोळ्या मिळतात, त्याच घरात बापाची साखर वाढलेली असू शकते.